तुपाची वाटी आणि फासळीवरचा हात

नामदेवांची ती गोष्ट आपल्याकडे शाळेत जाण्याआधीच कानावर पडते. भाकऱ्या भाजून ठेवल्या आहेत, कुत्रं येतं, एक भाकरी तोंडात धरून पळत सुटतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. कोरडी भाकरी घशाखाली उतरायची कशी, एवढीच त्यांना चिंता. कुत्र्याच्या जेवणाचा विषय निघाला की मला ही गोष्ट आठवते, कारण तिच्यात सगळं लक्ष खाणाऱ्याकडे आहे. भाकरी गेली याचं दुःख नाही, ती त्याला नीट खाता येईल ना, हा घोर आहे.

आपल्या घरांत कुत्र्याचा घास फार जुना आहे. पानात बसण्याआधी गाय-कुत्र्यासाठी घास काढून ठेवणारी माणसं अजूनही आहेत. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रं असतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि त्यातला वाटा कुत्र्यालाही घालतात. आमचा लॅब्रॅडोर नेमका चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी घरी आला, म्हणून आईने त्याचं नाव खंड्या ठेवलं. चार वर्षांनी खंड्याचं वजन 41 किलो भरलं आणि जिना चढताना तो मधेच बसकण मारू लागला. तेव्हा कुठे घरातल्या आम्हा सगळ्यांनी त्याच्या भांड्यात दिवसभर काय काय पडतं, याचा हिशेब पहिल्यांदा मांडला. त्या वर्षात पशुवैद्यांकडून जे समजलं आणि नंतर वाचून जे पक्कं झालं, ते या प्रकरणात आहे.

कुत्रा मुळात कसला खाणारा, हे आधी बघू. तो लांडग्याच्या वंशातला, म्हणून त्याला फक्त मांसच हवं, असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. तोंड उघडून बघितलं तर दातही तसेच दिसतात. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात, चार सुळे, आणि मागच्या बाजूला कात्रीसारख्या एकमेकींवर घासणाऱ्या दाढा. पण त्याच्या शरीरात माणसाच्या सहवासाची एक खूण उमटलेली आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिठूळ पदार्थ पचवणारा अमायलेज नावाचा पाचकरस ज्या जनुकामुळे तयार होतो, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या उकिरड्यावर आणि अंगणात धान्याचं उष्टं पडू लागलं, आणि ते ज्यांना पचलं ती कुत्री टिकली, असा त्याचा अर्थ लावतात. हा रस कुत्र्याच्या लाळेत जवळजवळ नसतो, तो स्वादुपिंडातून येतो. कुत्रा घास चावतही बसत नाही, सरळ गिळतो, आणि पुढचं काम आतडं करतं.

म्हणजे ज्वारीची भाकरी आणि भात हे कुत्र्याला परकं अन्न नाही. गावातली कुत्री पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगली. मात्र गावातलं कुत्रं नुसत्या भाकरीवर जगत नव्हतं, हेही विसरता कामा नये. ते उंदीर मारायचं, खाटकाच्या दुकानामागे जायचं, कोळवाड्यात मासळीची मुंडकी उचलायचं, शेतात काय सापडेल ते खायचं. भाकरीतली उणीव ते स्वतः फिरून भरून काढायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहणाऱ्या कुत्र्याला ती सोय नाही. त्याच्या आयुष्यभराचं प्रत्येक खनिज, प्रत्येक जीवनसत्त्व आपण घालतो त्या एका भांड्यातूनच येणार. बांधलेल्या कुत्र्याच्या बाबतीत आपली जबाबदारी वाढते ती इथे.

आता दूध-पोळी. महाराष्ट्रात घरच्या कुत्र्याला काय घालता, असं विचारलं तर दहांतल्या बऱ्याच घरांतून हेच उत्तर येतं, म्हणून यावर जरा थांबतो. 20 किलोच्या, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1,050 ते 1,100 कॅलरी लागतात. आठ मध्यम पोळ्या आणि अर्धा लिटर टोन्ड दूध घातलं तर कॅलरी भरतात. प्रथिनं किती मिळाली? पोळीतून सुमारे 24 ग्रॅम, दुधातून 15, एकूण 39 ग्रॅम. अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे आफ्कोने, तयार खाद्यासाठी जी किमान मर्यादा ठरवली आहे ती मोठ्या कुत्र्यासाठी दर 1,000 कॅलरींमागे 45 ग्रॅम आणि वाढत्या पिल्लासाठी 56 ग्रॅम आहे. म्हणजे मोठा कुत्रा थोडा मागे पडतो, पिल्लू फारच मागे पडतं. प्रथिनांपेक्षाही जास्त उणीव पडते ती लोह, जस्त, तांबं यांसारख्या खनिजांची आणि त्वचेला लागणाऱ्या स्निग्धाम्लांची. गव्हाच्या कोंड्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते जस्ताला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. धान्यावरच वाढवलेल्या पिल्लांच्या डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, पंज्यांच्या गाद्यांवर खपल्या धरतात, त्याचं एक कारण हे असतं. लोक त्याला खरूज समजून मलमं लावत बसतात.

दुधाचं आणखी एक आहे. पिल्लू आईला पितं तोवर दुधातली साखर फोडणारा लॅक्टेज त्याच्या आतड्यात भरपूर असतो. दूध तुटलं की तो कमी होत जातो. म्हणून पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना वाटीभर दुधाने पोट गडगडतं, शी पातळ होते. सगळ्यांना होत नाही. ज्याला पचतं त्याला थोडं द्यायला हरकत नाही. दही किंवा ताक जास्त सोसतं, कारण विरजणाने त्यातली बरीच साखर आधीच खाल्लेली असते.

दूध-पोळी सोडून लोक एकदम दुसऱ्या टोकाला जातात, ते म्हणजे नुसतं चिकन. हे ऐकायला पौष्टिक वाटतं, पण पिल्लाच्या बाबतीत हे दूध-पोळीपेक्षा घातक ठरू शकतं. हाडाविना मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच असतं. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसाइतकं हवं, फार तर त्याच्या दुप्पट. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. तीन-चार महिन्यांचं अल्सेशियनचं पिल्लू पुढच्या पायांनी वाकडं चालू लागतं, उडी मारताना किंचाळतं, साध्या पडण्याने हाड मोडतं. एवढं चिकन खाऊनही असं कसं, असं घरचे विचारतात. चिकन एवढं आणि कॅल्शियम काहीच नाही, हेच त्याचं उत्तर.

मग कोणी घाबरून कॅल्शियमच्या बाटल्या आणतं. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियमही तितकंच बाधतं, कारण कोवळ्या वयात त्याच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम पुरतं अडवता येत नाही. ग्रेट डेन, अल्सेशियन, लॅब्रॅडोर यांच्या पिल्लांची हाडं आणि सांधे त्यामुळे बिघडतात. तयार पिल्लूखाद्य घालत असाल तर वरून कॅल्शियम घालायचंच नाही. घरचं शिजवत असाल तर किती घालायचं हे पशुवैद्यांनी सांगावं.

घरी शिजवायचं असेल तर ते चांगलं करता येतं. आमच्याकडे आता खंड्याचं निम्मं जेवण घरचंच असतं. गिरणीतून तांदळाची कणी आणायची, ती मऊ शिजवायची. 20 किलोच्या कुत्र्यासाठी दिवसाला शिजलेला भात सुमारे 350 ग्रॅम, कातडी काढलेलं बिनहाडाचं चिकन 250 ग्रॅम, कलेजी 30 ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, मूठभर लाल भोपळा किंवा गाजर, आणि वरून दोन चमचे तेल. हे साधारण 975 कॅलरींपर्यंत जातं. कलेजी स्वस्त मिळते म्हणून रोज पाव किलो घालू नये, तिच्यातलं अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं. कॅल्शियमसाठी अंड्याचं कवच कामाला येतं. ते पाण्यात उकळायचं, वाळवायचं आणि मिक्सरमध्ये पिठासारखं बारीक करायचं. एका कवचात जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि या आकाराच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम लागतं. म्हणजे अर्ध्याहून थोडं जास्त कवच पुरतं. मीठ-मसाला, फोडणी काही नको.

एवढं करूनही हे ताट पूर्ण होत नाही. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं यांत ते कमी पडतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात 2013 मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या गेल्या. त्यांतल्या काही पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या. तरी 95 टक्के पाककृतींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. म्हणून घरचं जेवण रोजचं करायचं असेल, तर वरून घालायची खनिजांची पूड डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि ती मनाने बंद करू नये. कुत्रा धडधाकट दिसतोय, मग पूड कशाला, असं दोन महिन्यांनी वाटू लागतं. खनिजांची उणीव दोन महिन्यांत दिसत नाही, दोन वर्षांत दिसते.

ज्या घरात मांस शिजत नाही, तिथे काय? अशी घरं आपल्याकडे खूप आहेत आणि त्यांत कुत्री लाडात वाढतात. मांजराला शाकाहारावर ठेवणं हे त्याच्यावर संकट आहे, कुत्र्याला तसं नाही. कुत्रा टॉरिनसारखी द्रव्यं बहुधा स्वतःच्या शरीरात बनवतो. अंडी चालत असतील तर प्रश्न पुष्कळ सोपा होतो. अंडी, पनीर, सोयाबीन आणि डाळी यांवर समतोल ताट बांधता येतं. पण ते बांधावंच लागतं, वरण-भात आपोआप तसा होत नाही. पिल्लू असेल किंवा गाभण कुत्री असेल तर घरच्या शाकाहारावर प्रयोग करू नयेत. तेवढ्या काळापुरतं तयार पूर्ण खाद्य आणावं.

तयार खाद्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन माणूस 1860 च्या सुमारास लंडनला आला, आणि गहू, भाज्या, बीट व मांस यांचं कुत्र्यांसाठीचं बिस्कीट त्याने बाजारात आणलं. गोदीवर खलाशांची टाकून दिलेली कडक बिस्किटं कुत्री खाताना पाहून त्याला ती कल्पना सुचली, असं सांगतात. आज दुकानात गेलं की तीस-चाळीस पिशव्या समोर असतात आणि प्रत्येकीवर चमकदार केसांचा कुत्रा. चित्र बाजूला ठेवून पिशवी मागून वाचावी. पहिलं बघायचं ते हे की खाद्य ‘पूर्ण आणि संतुलित’ आहे असं लिहिलंय का, आणि कोणत्या वयासाठी. ‘पूरक’ लिहिलेलं खाद्य म्हणजे खाऊ, त्यावर कुत्रा ठेवायचा नसतो.

प्रथिनांच्या आकड्याने लोक फसतात. ओल्या खाद्याच्या पाकिटावर 8 टक्के प्रथिनं आणि कोरड्याच्या पिशवीवर 22 टक्के दिसलं की कोरडं सरस वाटतं. पण ओल्या पाकिटात 80 टक्के पाणीच असतं. उरलेल्या 20 भागांत 8 भाग प्रथिनं, म्हणजे पाणी वगळून 40 टक्के. कोरड्यात 10 टक्के पाणी धरलं तर त्याचे होतात सव्वाचोवीस ते साडेचोवीस टक्के. दोन पिशव्यांची तुलना करायची तर अशी पाणी काढून करावी. आणि ‘धान्यविरहित’ या शब्दासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत. ज्याला धान्याची खरी अ‍ॅलर्जी निघाली आहे त्याची गोष्ट वेगळी, पण अशी कुत्री थोडी. शिवाय धान्याच्या जागी वाटाणा-मसूर भरलेल्या खाद्यांचा हृदयविकाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये सुरू केली होती. त्यातून पक्का कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही, पण ज्याचा फायदा दाखवलेला नाही त्याच्यासाठी ही शंका तरी का विकत घ्यायची?

खाद्य बदलायचं तर सात ते दहा दिवस घ्या. आधी तीन हिस्से जुनं, एक हिस्सा नवं, मग निम्मं-निम्मं, असं पुढे सरका. एका रात्रीत बदललं की पोट बिघडतं आणि दोष नव्या खाद्यावर येतो.

आता खंड्याकडे येतो, कारण काय घालायचं यापेक्षा किती घालायचं यात आम्ही चुकलो होतो. आमच्या पशुवैद्य डॉक्टर बाईंनी त्याला काट्यावर उभं करण्याआधी माझा हात धरला. म्हणाल्या, “तुमच्या हाताची मूठ करा आणि बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवा. कुत्र्याची फासळी अशी लागली तर तो फार वाळलाय. आता मूठ सोडा, पंजा पालथा धरा आणि मागच्या बाजूने हात फिरवा. फासळी अशी लागायला हवी, वर पातळसं आवरण, पण प्रत्येक हाड मोजता येईल. आणि आता तळहात, अंगठ्याखालचा मांसल भाग चाचपा.” मग त्यांनी माझा हात खंड्याच्या बरगडीवर ठेवला. तळहातापेक्षाही मऊ लागलं. जोर दिल्यावर आत कुठेतरी हाड होतं. मी रोज त्याला कुरवाळत होतो, आणि चार वर्षांत त्याच्या फासळ्या कुठे गेल्या हे मला कळलं नव्हतं.

ही हाताची परीक्षा दर पंधरा दिवसांनी करावी. सोबत दोन गोष्टी डोळ्यांनी बघाव्यात: वरून पाहिलं तर फासळ्यांमागे कंबर आत गेलेली दिसावी, आणि बाजूने पाहिलं तर पोट मागे वर चढत गेलेलं असावं. पशुवैद्य याला 1 ते 9 गुण देतात, 4 किंवा 5 उत्तम. जात बघूनच निकाल लावावा. मराठवाड्यातला कारवानी कुत्रा धावण्यासाठी घडलेला आहे, त्याच्या शेवटच्या फासळ्या निरोगीपणातही डोळ्यांना दिसतात. त्याला लॅब्रॅडोरसारखा गुबगुबीत करायला जाणं म्हणजे त्याचे पाय मोडणं.

कॅलरींचा अंदाज साध्या गणिताने येतो. कुत्र्याचं योग्य वजन किलोत घ्या, 30 ने गुणा, त्यात 70 मिळवा. ही नुसती पडून राहण्यापुरती गरज झाली. नसबंदी झालेल्या, बेताने फिरणाऱ्या कुत्र्यासाठी तिला 1.6 ने गुणायचं, आणि वजन चटकन चढणाऱ्यासाठी 1.4 ने. खंड्याचं योग्य वजन 30 किलो ठरलं. 30 गुणिले 30 अधिक 70, म्हणजे 970. त्याला 1.4 ने गुणलं की साधारण 1,350. गणित फक्त सुरुवातीला, पुढे हात सांगेल तसं कमी-जास्त करायचं.

त्या रात्री आम्ही सगळ्यांनी कागद घेऊन लिहिलं. बाबांच्या सकाळच्या चहाबरोबर चार बिस्किटं. आईच्या पूजेनंतर दोन, दुपारी पोथी वाचताना दोन. मुलं शाळेतून आली की तीन-तीन. बायकोने पोळ्या लाटताना तूप लावलेल्या दोन पोळ्या. ग्लुकोजचं छोटं बिस्कीट 5 ग्रॅमचं धरलं तर त्यात वीस-बावीस कॅलरी. चौदा बिस्किटांच्या तीनशेच्या वर, दोन पोळ्यांच्या अडीचशे. त्याच्या दोन वेळच्या पोटभर जेवणावर हे साडेपाचशे रोज वरून जात होते. आणि आमच्यापैकी प्रत्येकजण खरं बोलत होता की, ‘मी तर अगदी थोडंच देतो.’ खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्शाच्या आत असावा, असं पशुवैद्य सांगतात. आमचा चाळीस टक्क्यांवर गेला होता.

त्याची भूकही खरी होती, हे नंतर समजलं. केंब्रिजच्या एलेनॉर रॅफन यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवलं की लॅब्रॅडोरांपैकी सुमारे पाव कुत्र्यांत पॉम्क नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यांना भुकेची जाणीव जास्त होते. 2024 मध्ये त्यांनी पुढचं दाखवलं, की असे कुत्रे विश्रांतीच्या वेळी ऊर्जाही सुमारे 25 टक्के कमी जाळतात. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. अशा कुत्र्याला हावरा म्हणणं अन्याय आहे. तो आपल्याला फसवत नसतो, त्याला खरोखरच भूक लागलेली असते. म्हणूनच त्याच्या डोळ्यांकडे बघून माप ठरवता येत नाही.

कमी खाण्याने कुत्र्याचं काय भलं होतं, याचा सर्वांत मोठा पुरावाही लॅब्रॅडोरांचाच आहे. 48 पिल्लांतून एकाच वेतातल्या दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न आयुष्यभर दिलं. 2002 मध्ये निकाल छापून आला. पोटभर खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान 11.2 वर्षं, कमी खाणाऱ्यांचं 13 वर्षं. सांधेदुखीही त्यांना उशिरा आली. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं म्हणजे किती, हे ज्याने म्हातारा कुत्रा सांभाळलाय त्याला विचारा.

काही गोष्टी मात्र घासभरही नकोत. यात आपल्या स्वयंपाकघरातलं बरंच काही येतं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून त्यांचा हा गुण जात नाही. किलोमागे 15 ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तावर परिणाम दिसू लागतो, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला एक मोठा कांदा पुरे. आणि रोज थोडा-थोडा रश्शातून गेला तरी परिणाम साठत जातो. रस्सा-भात खाणाऱ्या कुत्र्याच्या हिरड्या फिक्या पडल्या, लघवी तांबूस झाली तर दवाखाना गाठा. चंपाषष्ठीच्या भरतात कांदा असतोच. आमच्याकडे खंड्याचा वाटा आता नुसत्या रोडग्याचा असतो. खंडोबाच्या कुत्र्याला रोडगा पोचला, एवढं आईला पुरेसं वाटलं.

द्राक्षं आणि बेदाणे त्याहून फसवे. नाशिक, सांगली, तासगावकडे घराघरांत हे पडलेले असतात. शिऱ्यात, खिरीत असतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊन खुशाल राहतो, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्यानेच निकामी होतात, म्हणून सुरक्षित प्रमाण असं काही सांगता येत नाही. त्यातल्या टार्टारिक आम्लावर अलीकडे संशय आहे, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा चिंच-गुळाची आमटी भातावर ओतून ती कुत्र्यापुढे सरकवण्याची सवयही सोडलेली बरी. चॉकलेटचं विष गडदपणाबरोबर वाढतं. 10 किलोच्या कुत्र्याला त्रास व्हायला दुधाचं चॉकलेट 100 ग्रॅम लागेल, गडद 40 ग्रॅम पुरेल. ‘शुगर-फ्री’ च्युइंगगममधला झायलिटॉल अर्ध्या तासात रक्तातली साखर उतरवतो. दिवाळीत तळणाच्या ताटातलं भरपूर खाल्लं की स्वादुपिंडाला सूज येते, आणि तो दुखणाईत कुत्रा पाठ कमानीसारखी करून, पुढचे पाय पसरून उभा राहतो.

शिजलेलं हाड हा घरोघरचा मोठा गैरसमज. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. कोकणात मे महिन्यात आंब्याची कोय हीसुद्धा शस्त्रक्रियेपर्यंत नेते. कुत्रा ती चाटता-चाटता गिळतो. मक्याचं दाणे खाल्लेलं बुरकुंडही तसंच. असं काही गिळलेलं असेल किंवा विषारी काही खाल्लं असेल, तर मिठाचं पाणी पाजून घरी ओकारी काढू नका. काय, किती, केव्हा खाल्लं ते सांगत डॉक्टरांकडे न्या. वेष्टन बरोबर घ्या.

वेळांचं थोडक्यात सांगतो. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की मऊ अन्न चाटू लागतं, सहा ते आठ आठवड्यांत दूध तुटतं. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. दिवसातून एकदाच भलं मोठं भांडं भरून घालण्याची पद्धत मोडायला हवी, विशेषतः अल्सेशियन, डोबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत. एकदम भरपूर आणि घाईने खाल्लं की त्यांचं पोट हवेने फुगून पिळा पडण्याचा धोका वाढतो, आणि त्यात काही तासांत जीव जातो. पोट फुगलंय, उमासे येताहेत पण काहीच बाहेर पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. जेवणाच्या मागेपुढे तासभर पळापळ नको.

भांडं खाली ठेवलं की पंधरा-वीस मिनिटं, मग उचलायचं. दिवसभर भरलेलं भांडं ठेवलं तर कुत्रा किती खातो हे कळत नाही, आणि भूक मेली हे आजाराचं पहिलं लक्षण हातातून निसटतं. पाणी मात्र सदैव. किलोमागे 50 ते 60 मिलिलीटर हा साधा अंदाज, उन्हाळ्यात त्याहून जास्त. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये सकाळचं जेवण ऊन चढायच्या आत आणि दुसरं दिवेलागणीनंतर द्यावं. उन्हाळ्यात कुत्रा थोडं कमी खातो, तेव्हा तूप-साखर घालून त्याच्या मागे लागू नये. ओलं अन्न दोन तासांवर उघडं ठेवू नये. पावसाळ्यात कोरड्या खाद्याची पिशवी तशीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. दमट हवेत बुरशी धरते, आणि बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत जाळतं. बुरसलेली भाकरी टाकून द्यायची, कुत्र्याला घालायची नाही.

खंड्याला 41 वरून 30 वर यायला नऊ महिने लागले, आठवड्याला तीनेकशे ग्रॅम. जेवण मोजायला वाटी सोडून आम्ही स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला, कारण ‘एक वाटी’ आईची वेगळी आणि मुलांची वेगळी. सगळ्यांत अवघड गेलं ते आईला. पूजा झाली की त्याच्या तोंडात काही पडायलाच हवं, हा तिचा चार वर्षांचा नेम. तिने हात आखडता घ्यावा असं तिला सांगणं मला जमेना. डॉक्टर बाईंनीच तोड काढली: त्याच्या दिवसाच्या मापातून कोरड्या खाद्याचे 60 ग्रॅम दाणे सकाळीच एका बरणीत काढून ठेवायचे, आणि घरात ज्याला त्याला काही द्यायचंय त्याने त्या बरणीतूनच एक-एक दाणा द्यायचा. कुत्र्याला तुकडा किती मोठा यापेक्षा किती वेळा मिळाला याचं अप्रूप असतं.

आता ती काचेची बरणी देवघराच्या कोनाड्याशेजारी असते. आई पूजा आटोपून पाटावरून उठते, खंड्या दारात बसतो. ती एक दाणा देते, थांबते, दुसरा देते. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला बरणीचा तळ दिसतो, तेव्हा ती बरणी उलटी करून त्याला दाखवते. तो वास घेतो, मग तिच्या मागोमाग जिना चढून गच्चीवर जातो, मधे कुठेही न थांबता.